साडीच्या खोक्याचं प्लास्टर

आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला फसवलेलं नाही. प्रयत्न झाले, नाही असं नाही. पण त्यातला सगळ्यात मोठा प्रयत्न माझ्या नावावर आहे आणि थंडी पडली की तो अजूनही माझ्या डाव्या घोट्यात ठणकतो.

आता 'फसवणे' या शब्दाबद्दल मला जरा जपूनच बोललं पाहिजे, कारण माझे वडील, आप्पा, छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवत होते. अमळनेरजवळच्या आमच्या गावात आजही साठीला आलेली माणसं त्यांना पाहिलं की विडी विझवतात. मी तिसरीत असताना त्यांनी मला वर्गात उभं केलं. (वर्गात मी त्यांचा मुलगा नसायचो, नुसता सुधाकर. घरी गेलो की सुध्या.)

"फसवणे. वाक्यात उपयोग कर."

"मांजराने उंदराला फसवले."

"चूक!" आप्पा कडाडले. "उंदराचा मांजरावर विश्वास होता का? नव्हता ना? मग फसवलं कसं? पकडलं म्हण! बाजारात गंडवतात, खेळात चकवतात, जाळ्यात अडकवतात. फसवायला समोरच्याचा आपल्यावर विश्वास लागतो. विश्वासच नसेल तर ते नुसतं खोटं बोलणं!"

असं म्हणून त्यांनी हातावर एक छडीही दिली, त्यामुळे अर्थ माझ्या पक्का लक्षात राहिला. तरी पुढे व्हायचं ते झालंच.

सुरतेला येऊन मला चोवीस वर्षं झाली. कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये मी फोल्डिंग खात्यात सुपरवायझर आहे. म्हणजे रंगून-छापून आलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या आणि त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरायच्या, हे काम लोक करतात आणि मी त्यांच्याकडे बघतो. घर डिंडोलीला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. बायको मंगला. मुलगी श्रुती कॉलेजात आहे. ती वाक्य मराठीत सुरू करते आणि गुजरातीत संपवते. आजूबाजूला सगळी आपलीच खानदेशी वस्ती. रविवारी जिन्यात शेवभाजीच्या वासाने नाकातून पाणी येतं. असं सगळं होतं, फक्त आप्पा नव्हते.

आई गेली तेव्हापासून आप्पा गावी एकटे. मी दर रविवारी फोन करायचो.

"काय करताय आप्पा?"

"बसलोय."

"जेवलात?"

"जेवलो. दोन भाकरी थापल्या."

"दोन? तुम्ही तर एकच खाता."

"सवय आहे दोनची. दुसरी गाईला घातली."

"मग आता काय करताय?"

"आता बसलोय."

ते 'बसलोय' ऐकलं की मला राहवायचं नाही. मी म्हणायचो, "आप्पा, या ना सुरतेला." ते लगेच म्हणायचे, "येतो की! काय काम आहे?" "काम काही नाही. असंच." "असंच?" हा शब्द ते असा उच्चारायचे, की मी शुद्धलेखनाची घोडचूकच केली आहे. "असंच कसं यायचं? काम असलं की माणूस येतो. उगाच लेकाच्या घरी जाऊन पाय पसरायचे, हे मला जमत नाही."

मग आम्ही कामं शोधली. श्रुतीचं मराठी सुधारायचं आहे, म्हणालो. त्यांनी ते फोनवरच सुधारायला घेतलं आणि सलग सव्वा तास सुधारलं. (श्रुतीने पुढचे दोन रविवार माझ्या फोनला हात लावला नाही.) मंगला म्हणाली, "आप्पा, नळ गळतोय हो." आप्पा म्हणाले, "वायसर बदला." झालं! नळही संपला.

शेवटी श्रुतीच म्हणाली, "पप्पा, आजोबांना कामच पाहिजे ना? तर तमे बीमार पडी जाओ ने!"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. मंगला म्हणाली, "शोभतं का हे? बापाला फसवायचं?" आणि पुढच्याच श्वासाला म्हणाली, "ताप नका सांगू. ते थर्मामीटर बघतील. हाड सांगा."

तर असा माझा डावा पाय मोडायचं एकमताने ठरलं. प्लास्टर करायचा प्रश्न माझ्यासारख्या धंद्यातल्या माणसाला कसला? मिलमधून साडीचं एक खोकं आणलं, पुठ्ठा कापून नडगीला गुंडाळला, त्यावर कोरं, न रंगवलेलं ग्रे कापड, त्यावर मंगलाने शिजवलेली मैद्याची खळ, पुन्हा कापड, पुन्हा खळ. वाळल्यावर असं टणक झालं की मी स्वतःच क्षणभर घाबरलो. मिलमधून रजा काढताना शेठना सांगितलं, "वडिलांना घरी आणलंय, तब्येत फार नाजूक आहे." म्हणजे शेठना सांगितलं आप्पा आजारी, आणि आप्पांना सांगायचं होतं मी आजारी. दोन खोट्या गोष्टी दोन दिशांना रवाना केल्या. त्या माझ्याच घरात समोरासमोर येतील, हे डोक्यातही आलं नाही.

फोन लावला. "आप्पा, पाय मोडला."

"कुठला?"

"डावा."

"कसा?"

"जिन्यावरून पडलो. आप्पा..." इथे मला ठरल्याप्रमाणे विव्हळायचं होतं. पण काय झालं कोण जाणे, एकदम गळाच दाटून आला. "आप्पा, या ना. खूप आठवण येते हो तुमची." एवढंच कसंबसं बोललो.

"येतो," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगला म्हणाली, "काय ॲक्टिंग केलीत हो!" मी हो म्हटलं आणि नाक पुसलं.

इतक्या रविवारांच्या विनवण्यांनी जे झालं नाही, ते एका पायाने अर्ध्या मिनिटात केलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पण त्या कौतुकात एक गोष्ट मी साफ विसरलो. आमच्या गावात कुणी आजारी पडलं, तर त्याला बघायला एकटं कुणी जात नाही. सगळी भावकी जाते!

दुसऱ्या दिवशी मंगला आणि श्रुती उधना स्टेशनवर आप्पांना घ्यायला गेल्या. मी प्लास्टर सांभाळत पलंगावर. मंगलाचा फोन आला.

"अहो, आप्पा उतरले."

"वा! छान."

"त्यांच्या मागून काकू उतरल्या."

"बरं. येऊ देत."

"काकूंच्या मागून पाटील गल्लीतले सगळे उतरले." मग जरा वेळ नुसता गाडीचा आवाज. "अहो... अजून उतरतायत!"

बावीस माणसं उतरली. बावीस! त्यांच्याबरोबर कळण्याच्या पिठाचा डबा, लसणाची चटणी, भरताची हिरवी वांगी दोन पोती, आणि सुरतेत भरीत भाजायला काड्या मिळतील न मिळतील म्हणून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांची एक मोळी. (ती मोळी गाडीत कशी चढवली, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.) आमच्या दोन खोल्या पाच मिनिटांत भरल्या. चपला जिन्यावरून पहिल्या मजल्यापर्यंत उतरल्या. त्या चपला बघून खालच्या कांताबेन पांढरीशुभ्र साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन वर आल्या, मंगलाचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "क्यारे थयुं?" (म्हणजे, कधी झालं?) मी पलंगावरून त्यांना नमस्कार केला, तेव्हा त्या दचकून दोन पावलं मागे सरकल्या.

आप्पा माझ्या उशाशी बसले. धोतर, कोट, हातात छत्री. आई गेल्यानंतरच्या दोन वर्षांत फारच वाळले होते. कोटाच्या खांद्यात आता आणखी एक आप्पा बसले असते. त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं. प्लास्टरवर मुंग्यांची रांग लागली होती. (मैद्याची खळ! माझ्या लक्षातच आलं नव्हतं.)

"मुंग्या कशा रे?" आप्पा म्हणाले.

"गोड औषध आहे," मंगला म्हणाली.

"असं होय," आप्पा म्हणाले आणि मागे वळून हाक मारली, "झिपरू, ये रे पुढे."

गर्दीतून झिपरू आबा पुढे आले. झिपरू आबा म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले हाडवैद्य. बैलाचा खुबा असो की माणसाचा, हात एकच. काखेत बांबूच्या पट्ट्या आणि कसल्याशा पाल्याचं गाठोडं.

"दखू दे बरं," असं म्हणून त्यांनी खाली बसकण मारली.

"आबा, प्लास्टर काढायचं नाही! डॉक्टरने सांगितलंय!"

"डॉक्टरले काय समजस?" आबांनी विळी मागितली. काकूने ती तत्परतेने दिली. बावीस माणसं श्वास रोखून पुढे सरकली. ग्रे कापड टराटर फाटलं, पुठ्ठा उघडला, आणि आतून लाल साडी नेसलेली एक सुंदर बाई सगळ्यांकडे बघून हसली. तिच्या पायाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'फॅन्सी साडी, ब्लाऊज पीससह'.

पंखा तेवढा करकरत होता. मी डोळे मिटून घेतले. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, ओळ नीट वाचली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "सुरतेला प्लास्टर असं मिळतं वाटतं?"

"हो ना," मंगला घाईघाईने म्हणाली. "इथे सगळं साडीच्याच खोक्यात येतं."

"कापडाचं गाव आहे," काकूने मान डोलावली. सगळ्यांना पटलं. मला वाटलं, सुटलो! तेवढ्यात झिपरू आबांनी माझा घोटा एका हातात धरला, टाच दुसऱ्या हातात धरली, एकदा आप्पांकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरासं दुखी हां भाऊ."

कट्ट!

मी जे ओरडलो, ते ऐकून कांताबेन पुन्हा वर आल्या. आता साडी रंगीत होती, पण डोळ्यांत खरं पाणी होतं.

भाऊबंदांचं समाधान झालं. पार्किंगमध्ये काड्या पेटवून त्यांनी वांगी भाजली, सोसायटीच्या सेक्रेटरींना धुरातून हाताला धरून आणलं, पहिल्या पंगतीला बसवलं, भरीत-भाकरी पोटभर खाल्ली, दर दहा मिनिटांनी वर येऊन "आता कसं आहे?" असं विचारलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. माझा घोटा तोवर भरताच्या वांग्याएवढा झाला होता. खऱ्या डॉक्टरने खरं प्लास्टर घातलं आणि सांगितलं, "लिगामेंट. तीन आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. पण ओढला कुणी हो इतका?"

आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. श्रुतीने दार उघडलं आणि आत येऊन कुजबुजली, "पप्पा, शेठ आव्या छे! आजोबांना बघायला. शहाळी घेऊन!"

आता आली का पंचाईत! मिलच्या हिशेबी आप्पा मरणपंथाला लागलेले, आणि प्रत्यक्षात ते बाल्कनीत तुळशीची माती उकरत होते. मला उठता येईना, मंगलाला बोलता येईना. मी हात जोडले, "आप्पा, मी शेठना सांगितलंय की तुम्ही..." एवढंच बोललो. जन्मात ज्यांनी खोटा दाखला दिला नाही, ज्यांनी मला एका खोट्या पोटदुखीसाठी पूर्ण धडा दहा वेळा लिहायला लावला होता, ते माझे आप्पा हातातलं खुरपं टाकून तरातरा आत आले, माझ्या पलंगावर माझ्या शेजारी आडवे झाले, माझीच चादर गळ्यापर्यंत ओढली आणि खोकायला लागले.

शेठ आत आले. एकाच पलंगावर दोन पेशंट! "काका, केम छे हवे?"

"आहे... आता... काय..." आप्पा म्हणाले. (तीन शब्दांत दोनदा धाप!)

"अने सुधाकरभाई, तमने शुं थयुं?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "मला चक्कर आली शेठ. मला धरायला धावला, आणि स्वतःच पडला. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं."

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक महिना घरीच थांब," म्हणाले, आणि शहाळी ठेवून गेले.

दार लागलं. आम्ही दोघं तसेच छताकडे बघत पडून राहिलो. लहानपणी मी आप्पांच्या शेजारी झोपायचो, त्यानंतर पहिल्यांदाच. त्यांच्या अंगाला अजून तोच वास होता, तिळाच्या तेलाचा आणि जुन्या कोटाचा. मला उठावंसं वाटेना. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही चक्क खोटं बोललात!"

"शेठचा माझ्यावर विश्वास होता," आप्पा छताकडे बघत म्हणाले. "म्हणजे फसवलं. शब्द नीट वापर."

ते तीन आठवडे, काय सांगू तुम्हाला! मी आयुष्यात इतका आनंदाने कधी लोळलो नाही. सकाळी आप्पा स्वतः भाकरी थापायचे, चार थापायचे आणि चारही संपायच्या. डोक्याला तेल चोळून द्यायचे. मला पेपर वाचून दाखवायचे आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल पेनाने गोल करायचे. श्रुती कॉलेजातून आली की धावत यायची, "आजोबा, बेसो ने, आज एक गंमत झाली!" ते तिचं 'बेसो ने' सुधारायचे नाहीत. एक दिवस जेवताना आपणहून म्हणाले, "तुझ्या आईला भरतात मिरची जास्त लागायची. मी नेहमी ओरडायचो तिच्यावर. आता मीच जास्त घालतो." आई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदा तिचं नाव काढलं होतं. मंगला उठून स्वयंपाकघरात गेली. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

पण शरीर फार नालायक असतं. पाय बरा व्हायला लागला! प्लास्टर निघालं, सूज गेली, आणि मी दिवस मोजायला लागलो. पाय बरा म्हणजे काम संपलं, काम संपलं म्हणजे आप्पा चालले. मग मी पुन्हा खोटं लंगडायला लागलो. आप्पा संडासाला गेले की मी घरभर ताठ फिरायचो, कडी वाजली की पलंगावर. मंगला म्हणायची, "एक दिवस पकडले जाल." मी म्हणायचो, "ते साधे आहेत गं."

त्या सकाळी मंगला आणि श्रुती भाजी आणायला गेल्या होत्या. आप्पांनी दूध ठेवलं, गॅस मोठा केला, आणि पेपर घेऊन बाल्कनीत जाऊन बसले. मला पलंगावरून पातेलं दिसत होतं. कडेला बुडबुडे आले. साय वर चढायला लागली.

"आप्पा, दूध!"

उत्तर नाही.

"आप्पा! उतू चाललं!"

उत्तर नाही. (शेवटच्या बाकावर शेंग फोडली तर ज्यांना ऐकू यायचं, ते हे आप्पा!) दूध काठाला आलं आणि मी काय केलं? टुणकन उडी मारली, चार ढांगांत स्वयंपाकघर गाठलं आणि गॅस बंद केला. एक थेंब सांडला नाही. वळून बघतो तो दारात आप्पा उभे. कोट घातलेला, हातात पिशवी.

"बरा झाला की रे पाय," ते म्हणाले.

मला पकडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर असायला हवा होता. अजिबात नव्हता. मी म्हणालो, "आप्पा, थांबा ना. असंच थांबा." ते म्हणाले, "असंच कसं थांबायचं? काम संपलं." दुपारच्या गाडीने ते गेले. संध्याकाळी आम्ही ते दूध प्यायलो नाही. खूप दिवस मला एकच वाटत राहिलं, की ते दूध मी उतू जाऊ द्यायला हवं होतं.

पुढे आखाजीच्या सणाला आम्ही गावी गेलो. पारावर झिपरू आबा भेटले. मी पाय पुढे करून म्हणालो, "आबा, चांगला पाय मोडलात हो माझा!"

आबा खो खो हसले. "अरे, हात लावताच समजनं, हाड धड शे! पन तुना बापनी गाडीमाच सांगेल व्हतं."

"काय सांगितलं होतं?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. बारडोलीचा ऊस मागे पडेपर्यंत आप्पा गाडीत गप्प बसून होते. मग झिपरू आबांच्या कानाशी लागून म्हणाले, "पोरगं खोटं बोलतंय. पाय धड आहे. पण तू जरा ओढ. असा ओढ, की पंधरा-वीस दिवस उठता यायला नको. तेवढे दिवस मला राहता येईल."

मी तसाच घरी आलो. आप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी समोर उभा राहिलो, तिसरीत राहायचो तसा.

"आप्पा, तुम्ही मला फसवलंत!"

"उपयोग बरोबर आहे," ते म्हणाले. "बस खाली."

"मग मी तुम्हाला फसवलं, त्याचं काय?"

"तू? तू नुसतं खोटं बोललास. विश्वास कुणी ठेवला होता? पहिलीत पोट दुखायचं तुझं, तोच सूर."

"मग आलात कशाला?"

आप्पांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "पाय खोटा होता," ते म्हणाले. "आवाज खोटा नव्हता."

मला दाणे चावता येईनात. ते बघून आप्पाच उठले आणि उगाचच गाईला हाका मारत परसात गेले.

तेव्हापासून एक नवीनच सुरू झालं. महिना-दोन महिने झाले की आप्पांचा फोन येतो.

"सुध्या, पाय मुरगळला."

"कुठला?"

"मागच्या वेळी कुठला सांगितला होता?"

"उजवा."

"मग डावा."

आम्ही तिघं मिळेल त्या गाडीने गावी धावतो. ओट्यावर आप्पा ठणठणीत उभे असतात, चुलीत वांगी असतात आणि पीठ चार माणसांचं मळलेलं असतं. कुणी कुणाला पाय कसा आहे ते विचारत नाही. सुरतेला राहायला या म्हटलं, तर अजूनही विचारतात, "काय काम आहे?"

पण यंदा दोन महिने होऊन गेले, आप्पांचा एकही पाय मुरगळला नाही. असा जीव टांगणीला लागला म्हणून सांगू! बापाचे दोन्ही पाय धड आहेत म्हणून झोप उडालेला मुलगा अख्ख्या सुरतेत मी एकटाच असेन. शेवटी आज सकाळी मीच फोन लावला आणि जमेल तेवढं विव्हळत म्हणालो, "आप्पा, पडलो हो. पाय..."

पलीकडून जराही वेळ न घालवता आवाज आला, "झिपरूला घेऊन येऊ का?"

मी डोळे घट्ट मिटले, डावा पाय पोटाशी धरला आणि म्हणालो, "आणा."